नवतपा, जुलैचा गारठा आणि सूर्यापासूनचे पृथ्वीचे अंतर

दक्षिणायन (धागाकर्ता), नागपूर

मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागला की आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर दरवर्षी एक संदेश येतो की या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतो आणि म्हणून ऊन असे भाजते. पुढे जुलै उजाडला की त्याच गटावर दुसरा संदेश फिरू लागतो. एरवी सूर्य आपल्यापासून ९ कोटी किलोमीटरवर असतो, आता तो १५ कोटी २० लाख किलोमीटरवर गेला आहे, त्यामुळे ऑगस्टपर्यंत गारठा राहील आणि सर्दी-खोकला बळावेल, असे त्यात बजावलेले असते. दोन्ही संदेश पुढे ढकलणारी मंडळी बहुधा तीच असतात, आणि सव्वा महिन्यात सूर्य सहा कोटी किलोमीटर मागे सरकला कसा, हे कोणीच कोणाला विचारत नाही.

दुसऱ्या संदेशातला मोठा आकडा खरा आहे, आणि माझ्या मते त्याच आधारावर तो इतकी वर्षे तग धरून आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून जास्तीत जास्त दूर, म्हणजे सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते. या स्थितीला अपसूर्य म्हणतात. खोटा आहे तो ९ कोटींचा आकडा. शुक्राची कक्षाच सूर्यापासून सुमारे १० कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे, तेव्हा पृथ्वी एरवी ९ कोटींवर असती तर ती शुक्राच्याही आत फिरत असती. प्रत्यक्षात सर्वांत कमी अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते आणि ती उपसूर्य स्थिती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण स्वेटर घालून फिरत असतो तेव्हा येते. सूर्याचा प्रकाश त्या दिवशी ८ मिनिटे ११ सेकंदांत आपल्यापर्यंत पोचतो आणि जुलैत ८ मिनिटे २७ सेकंदांत.

नवतपाचे गणितही करून पाहिले. २५ मेच्या सुमारास हे अंतर साधारण १५ कोटी १५ लाख किलोमीटर असते, म्हणजे १४ कोटी ९६ लाखांच्या सरासरीपेक्षा १९ लाख किलोमीटर जास्त. नवतपात सूर्य जवळ येत नाही, तो दूर जात असतो.

तरीही हा फरक नगण्य आहे असे माझे म्हणणे नाही. पन्नास लाख किलोमीटर हे अंतर लहान नव्हे. माझे म्हणणे एवढेच की आपण तो फरक तापमापकात शोधतो, जिथे तो इतर कारणांखाली दबून जातो. आणि जिथे तो स्वच्छ दिसतो तिथे, म्हणजे दिनदर्शिकेत आणि पंचांगात, सहसा पाहत नाही. जाणकारांनी भर घालावी.

धरमपेठकर

धागा आवडला. माझी मुलगी सहावीत आहे. तिने पुस्तकातली आकृती दाखवून विचारलेला प्रश्न मला सुटला नाही, म्हणून इथे मांडतो. त्या आकृतीत पृथ्वीची कक्षा चांगली लांबट अंड्यासारखी काढली आहे. तिचे म्हणणे असे की लांबट आकारात दोन टोके दूर आणि दोन बाजू जवळ येतात, तर मग पृथ्वी वर्षातून दोनदा जवळ आणि दोनदा दूर जायला हवी. ती एकदाच का जाते? आणि त्या आकृतीवर पट्टी ठेवून मोजले तर जवळचे आणि दूरचे अंतर जवळजवळ दुपटीने वेगळे भरते.

गणिताची शिक्षिका

आपल्या मुलीने अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. सूर्य त्या लंबवर्तुळाच्या मध्यावर असता तर तिचे म्हणणे शब्दशः खरे ठरले असते. तो मध्यावर नसून एका नाभीवर, म्हणजे एका बाजूला सरकलेला आहे, म्हणून एकच टोक जवळचे आणि त्याच्या समोरचे एकच टोक दूरचे.

पण आकृतीची खरी अडचण वेगळीच आहे. पृथ्वीच्या कक्षेची विमध्यता, म्हणजे वर्तुळापासून ती किती ढळली आहे याचे माप, फक्त ०.०१६७ आहे. मी वर्गात मुलांना कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायला सांगते. याच मापाने पृथ्वीची खरी कक्षा काढली तर सूर्य मध्यबिंदूपासून १.७ मिलिमीटर बाजूला येतो, आणि कक्षेची आखूड बाजू लांब बाजूपेक्षा किती कमी भरते, तर ०.०१४ मिलिमीटर. पेन्सिलीची रेघच त्याहून कितीतरी जाड असते. प्रत्यक्ष किलोमीटरमध्ये सांगायचे तर सूर्य मध्यापासून सुमारे २५ लाख किलोमीटर सरकलेला आहे, आणि कक्षेचा चपटेपणा मात्र जेमतेम २१ हजार किलोमीटरचा आहे. म्हणून पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर कशामुळे बदलते, या प्रश्नाला ‘कक्षा लांबट आहे म्हणून’ हे उत्तर मला अपुरे वाटते. कक्षा व्यवहारतः वर्तुळच आहे. सूर्य तिच्या मध्यावर नाही, म्हणून अंतर बदलते.

पुस्तकातली आकृती बऱ्याचदा कक्षा तिरकस बाजूने पाहिल्यासारखी काढलेली असते, आणि तिरकस पाहिलेले वर्तुळ लांबटच दिसणार. तसे शेजारी लिहिले असते तर गोंधळ झाला नसता.

हा चपटेपणा इतका कमी असूनही तो सापडला कसा, ही कथा मोठी आहे; ती पृथ्वीवरून नव्हे, तर मंगळावरून सुरू होते. मंगळाची विमध्यता ०.०९३ आहे, म्हणजे पृथ्वीच्या साडेपाच पट. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने टायको ब्राहेच्या आकाशनिरीक्षणांच्या नोंदी घेऊन मंगळासाठी वर्तुळच बसवून पाहिले आणि सूर्य बाजूला सरकवून गणित जवळपास जुळवलेही, पण ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक काही केल्या जाईना. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्शाएवढा हा फरक आहे. टायकोच्या नोंदी इतक्या चुकणार नाहीत अशी त्याची खात्री होती, म्हणून अखेरीस त्याने वर्तुळ सोडले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाचा नियम प्रसिद्ध केला. मंगळाऐवजी शुक्र निवडला असता तर हा नियम त्याच्या हाती लागणे अवघड होते, कारण शुक्राची विमध्यता ०.००७ आहे.

संत्रानगरी

भूमिती समजली, पण दोन शंका राहतात. पहिली अशी की जवळ गेल्यावर सूर्याचे आकर्षण वाढते, तर पृथ्वी तिथून परत दूर जातेच कशी, आणि दूर गेल्यावर आकर्षण कमी होते, तर ती परत येतेच कशी? दुसरी अशी की मी वाचल्याप्रमाणे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त सूर्यप्रकाश मिळतो. सात टक्के म्हणजे थोडेथोडके नव्हे. मग तो नागपुरात जाणवत का नाही?

दक्षिणायन

पहिल्या शंकेचे उत्तर वेगात आहे. उपसूर्य स्थितीत पृथ्वी सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटर वेगाने धावत असते आणि अपसूर्य स्थितीत २९.३. जानेवारीत आकर्षण जास्त असते हे खरे, पण त्या अंतरावर वर्तुळात फिरत राहायला जेवढा वेग पुरला असता त्याहून तिचा वेग थोडा अधिक असतो; म्हणून ती हळूहळू बाहेर सरकू लागते. वर फेकलेला चेंडू जसा मंदावत जातो तशी बाहेर सरकताना तिची गती कमी होत जाते आणि जुलैत ती त्या अंतरासाठी लागणाऱ्या वेगापेक्षा थोडी कमी पडते, म्हणून पुन्हा आत वळते. सूर्यात ती पडत नाही, कारण तिच्या आडव्या गतीला थोपवणारे तिथे काहीच नाही. सूर्याचे ओढणे तिला वळवते, थांबवत नाही.

दुसऱ्या शंकेसाठी नागपूरचेच आकडे घेऊ. आपले अक्षांश सुमारे २१.१५ अंश उत्तर. ४ जानेवारीला भर दुपारी सूर्य आपल्या क्षितिजापासून जेमतेम ४६ अंश वर येतो, आणि ४ जुलैला तो जवळजवळ डोक्यावर, ८८ अंशांवर असतो. किरण तिरपे पडल्यामुळे जानेवारीच्या त्या दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला मिळणारी ऊर्जा सुमारे २८ टक्क्यांनी घटते. त्यात दिवस लहान. जूनअखेरीस आपला दिवस सव्वातेरा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरअखेरीस पावणेअकरा तासांच्या थोडासाच वर. जवळ असल्याचे सात टक्के या दुहेरी तोट्यापुढे कुठल्या कुठे जातात. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, आणि आपले ऋतू त्या कलण्याचे आहेत.

मग जुलैपेक्षा मे का तापतो, तर त्यात अंतराचा काहीच वाटा नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावरून जातो, तोच शून्य सावलीचा दिवस; आकाश निरभ्र, जमीन कोरडी आणि समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर दूर. जुलैच्या मध्यात सूर्य पुन्हा तसाच डोक्यावर येतो, पण तोवर पावसाळी ढग आलेले असतात आणि ओली जमीन तापायच्या ऐवजी वाफ सोडत बसते. जुलैत हवा उतरते ती या पावसामुळे. गारठ्याच्या संदेशाला नेमका त्याच महिन्यात आधार मिळाल्यासारखा वाटतो, हे त्या संदेशाचे नशीब.

आणखी एक उलटी बाजू पाहा. संपूर्ण पृथ्वीचे सरासरी तापमान काढले तर ते सूर्यापासून सर्वांत दूर असताना, जुलैतच, सुमारे दोन अंशांनी जास्त भरते. उत्तर गोलार्धात जमीन जास्त आहे आणि जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा उपसूर्य स्थितीच्या काळात येतो खरा, पण तिथे पसरलेला समुद्र ती जादा उष्णता पोटात घेतो.

पंचांगवाचक

धागाकर्त्यांनी पंचांगाचा उल्लेख करून तो तसाच सोडला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही.

घरातली कोणतीही दिनदर्शिका घ्या. २० मार्चच्या वसंतसंपातापासून २३ सप्टेंबरच्या शरदसंपातापर्यंतचे (संपात म्हणजे दिवस-रात्र समान असण्याची वेळ) दिवस मोजले तर सुमारे १८६ भरतात, आणि तिथून पुढच्या मार्चच्या संपातापर्यंत सुमारे १७९. दोन्ही वेळा सूर्य आकाशात अर्धेच वर्तुळ चालतो, पण एकदा त्याला आठवडाभर जास्त लागतो. पृथ्वी दूर असताना सावकाश आणि जवळ असताना वेगाने जाते, हा केप्लरचा दुसरा नियम अशा रीतीने भिंतीवर टांगलेलाच असतो.

संक्रांतींकडे, म्हणजे सूर्य एका राशीतून दुसरीत जातो त्या वेळांकडे, पाहिले तर हेच अधिक स्पष्ट होते. सूर्य मिथुन राशीत १५ जूनच्या सुमारास येतो आणि १६ जुलैच्या सुमारास कर्केत जातो. हा सौर मास सुमारे साडेएकतीस दिवसांचा, वर्षातला सर्वांत लांब. धनु राशीत तो १६ डिसेंबरच्या सुमारास शिरतो आणि १४ जानेवारीला मकरसंक्रांत येते. हा मास साडेएकोणतीस दिवसांहूनही किंचित कमी, वर्षातला सर्वांत लहान. आपल्या ज्योतिर्गणितात सूर्य ज्या दिशेला सर्वांत मंद चालतो तिला मंदोच्च म्हणतात, आणि त्यामुळे सरासरी स्थानात करावी लागणारी दुरुस्ती म्हणजे मंदफल. सूर्याचे मंदोच्च मिथुन राशीत येते हे सूर्यसिद्धांतातच आहे. लंबवर्तुळाची कल्पना नसतानाही हा फरक आपल्याकडे गणिताने हाताळला जात होता.

आता याचा अधिकमासाशी संबंध पाहा. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असतो. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. सौर मास जेवढा लांब, तेवढी संक्रांत चुकण्याची शक्यता जास्त; म्हणून अधिकमास उन्हाळा-पावसाळ्याच्या बाजूलाच पुन्हा पुन्हा येतो. २०१५ मध्ये अधिक आषाढ, २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ, २०२० मध्ये अधिक आश्विन, २०२३ मध्ये अधिक श्रावण आणि २०२६ मध्ये पुन्हा अधिक ज्येष्ठ. अधिक पौष कोणी ऐकला आहे का? याच्या उलट, हिवाळ्यातला सौर मास चांद्रमासाहून लहान असल्यामुळे एकाच चांद्रमासात दोन संक्रांती सापडू शकतात आणि एक महिना गळतो; तो क्षयमास. १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षी तसे झाले. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत क्षयमास १४१ वर्षांनी आणि कधी १९ वर्षांनी येतो असे सांगितले आहे, आणि वरच्या दोन वर्षांतले अंतर १९च आहे. आपण ज्या धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे वाढतो तो बहुधा उन्हाळा-पावसाळ्याच्या बाजूलाच येतो, त्याच्या मुळाशी पृथ्वीचे सूर्यापासूनचे बदलते अंतर आहे, हे घरी सांगून पाहा.

मृगनक्षत्र

ग्रहणांतही हा फरक डोकावतो. २२ जुलै २००९ चे खग्रास सूर्यग्रहण, जे सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा या पट्ट्यातून गेले, ते एकविसाव्या शतकातले सर्वांत दीर्घ. खग्रास स्थिती जास्तीत जास्त ६ मिनिटे ३९ सेकंद टिकली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, १५ जानेवारी २०१० ला, कन्याकुमारी-रामेश्वरच्या बाजूने कंकणाकृती ग्रहण गेले आणि त्याची कमाल मुदत ११ मिनिटे ८ सेकंद होती. जुलैत सूर्यबिंब वर्षातले जवळजवळ सर्वांत लहान होते म्हणून ते अधिक काळ झाकले गेले, आणि जानेवारीत ते मोठे होते म्हणून त्याचे कंकण अधिक काळ दिसले. अर्थात मुख्य कामगिरी चंद्राची. पहिल्या वेळी तो पृथ्वीच्या जवळ होता आणि दुसऱ्या वेळी दूर. सूर्याने त्यात आपला वाटा घातला एवढेच.

मला असे विचारायचे आहे की बिंबाच्या आकारातला हा फरक साध्या कॅमेऱ्याने टिपता येईल का? जुलैत तर नागपूरला सूर्य दिसण्याचीच मारामार.

गणिताची शिक्षिका

कॅमेऱ्याचे उत्तर अनुभवी मंडळी देतीलच. मी मंगळाबद्दल थोडे लिहिते, कारण आपल्याकडे जो फरक झाकला जातो तो तिथे उघडा पडतो.

मंगळ सूर्यापासून २० कोटी ६६ लाख ते २४ कोटी ९२ लाख किलोमीटर या अंतरांत फिरतो. ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे उपसूर्य स्थितीत त्याला अपसूर्यापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त ऊर्जा मिळते. आपल्या सात टक्क्यांशी ताडून पाहा. त्याचा आसही आपल्यासारखाच, सुमारे २५ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे तिथे कलण्याचा आणि अंतराचा असे दोन्ही परिणाम एकत्र येतात. उत्तर गोलार्धाचा वसंत १९४ मंगळदिवस चालतो आणि शरद १४२ दिवसांत संपतो. दक्षिणेचा उन्हाळा आखूड पण प्रखर, आणि मोठी धुळीची वादळे बहुधा त्याच्या आसपास उठतात. २०१८ मध्ये सगळा ग्रह झाकणारे वादळ आले आणि सौरऊर्जेवर चालणारी ऑपॉर्च्युनिटी गाडी त्यात कायमची गप्प झाली.

मंगळ आपल्याला किती तेजस्वी दिसतो तेही यावरच ठरते. तो उपसूर्याजवळ असताना पृथ्वी त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये आली, म्हणजे प्रतियुती झाली, की तो फार जवळ येतो. ऑगस्ट २००३ मध्ये तो ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, पण फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीत तो १० कोटी किलोमीटरांच्या पलीकडेच राहील. २००३ पासून दर ऑगस्टमध्ये ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा संदेश फिरतो, तेव्हा धागाकर्त्यांनी आपल्या यादीत तोही घ्यावा.

बुधाचे तर विचारूच नका. ४ कोटी ६० लाखांपासून ६ कोटी ९८ लाखांपर्यंत, म्हणजे ऊर्जेत दुपटीहून अधिक फरक. शुक्राचा फरक जेमतेम १५ लाख किलोमीटरचा.

धरमपेठकर

मुलीला वर्तुळ काढून दाखवले. रेघेच्या जाडीचा मुद्दा तिला फार पटला. आणखी एक शंका. उपसूर्य कधी २ जानेवारीला, कधी ५ जानेवारीला असे का लिहिलेले असते? कक्षा तीच, तर तारीख का हलते?

दक्षिणायन

थोडा हात लीप वर्षाचा आहे, पण मुख्य कारण चंद्र. सूर्याभोवतीच्या कक्षेवर नेमकी पृथ्वी फिरत नाही, पृथ्वी आणि चंद्र यांचा सामायिक गुरुत्वमध्य फिरतो. पृथ्वीचा मध्य त्या बिंदूभोवती सुमारे ४,७०० किलोमीटर अंतरावरून महिन्याला एक फेरी घालतो. उपसूर्याच्या आसपास अंतर इतके सावकाश बदलत असते की एवढ्या हेलकाव्यानेही सर्वांत कमी अंतराचा क्षण एक-दोन दिवस पुढेमागे होतो. २०२५ मध्ये उपसूर्य ४ जानेवारीला होता, २०२६ मध्ये तो ३ जानेवारीला रात्री पावणेअकराच्या सुमारास.

याशिवाय एक संथ सरकणेही आहे. उपसूर्याची तारीख सरासरीने सुमारे ५८ वर्षांत एक दिवस पुढे जाते. १२४६ च्या सुमारास तो डिसेंबरच्या अयनदिनीच, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीच, येत असे, आणि काही हजार वर्षांनी तो मार्चमध्ये येईल. तेव्हा वर पंचांगवाचकांनी दिलेली १८६ आणि १७९ ही विभागणीही तशी राहणार नाही.

निरीक्षक

मृगनक्षत्र यांच्या प्रश्नाला उत्तर: होय, टिपता येतो, आणि त्यासाठी जुलैची वाट पाहू नये. अपसूर्याच्या आधी महिनाभर अंतर फारसे बदलत नाही. ५ जूनलाच ते १५ कोटी १८ लाख किलोमीटर झालेले असते, आणि तोवर नागपुरात बहुधा पाऊस पोचलेला नसतो. कॅमेरा तोच, भिंग तेच, झूम सर्वांत टोकाला नेऊन ठेवलेला, आणि समोर प्रमाणित सौर फिल्टर. फिल्टरशिवाय सूर्याकडे ना डोळा लावावा ना भिंग. दुसरे छायाचित्र जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या कोणत्याही निरभ्र दुपारी तसेच घ्यावे. सकाळ-संध्याकाळ टाळावी, कारण क्षितिजाजवळ हवेमुळे बिंब चपटे दिसते. संगणकावर बिंबाची रुंदी पिक्सेलमध्ये मोजली आणि जानेवारीत ती १००० भरली, तर जूनमध्ये ती ९७० च्या आसपास भरायला हवी. मोजमाप आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी घ्यावे, आणि दोन्हींत तफावत आली तर ती छायाचित्रे बाजूला ठेवून नव्याने घ्यावीत.